सोयाचा डबा चालेल, घरच्या सोयाबीनचं दूध नाही

«मॅडम, मी शहादा तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगा सात महिन्यांचा आहे. सहा महिने पूर्ण अंगावर पाजलं. १८० दिवसांची रजा संपत आली तेव्हा सवय लागावी म्हणून डब्यातलं साधं दूध वाटी-चमच्याने दिलं. अर्ध्या तासात तोंडाभोवती आणि पोटावर लाल गांधी उठल्या, एक उलटी झाली. आम्हाला वाटलं ऊन बाधलं. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी गाईच्या दुधात शिजवलेला रवा भरवला, तर पुन्हा तेच, शिवाय एक डोळा सुजला. श्वास मात्र नीट होता. डॉक्टरांनी गाईच्या दुधाची अॅलर्जी सांगितली. त्यांनी लिहून दिलेला डबा इथे मिळत नाही, धुळ्याहून मागवावा लागतो, आणि किंमत ऐकून यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. परवडत नसेल तर सोयाचा डबा चालेल, असंही डॉक्टर म्हणाले. मेडिकलवाला म्हणतो, लॅक्टोज फ्री घ्या, एकच आहे. सासूबाई म्हणतात, ‘बकरीनं दूध पाज, काही व्हत नही.’ यांचं म्हणणं, घरात सोयाबीन पोत्याने पडलंय, मिक्सरमध्ये दूध काढू. जाऊबाई सांगतात, सोया पाजलं तर पोरगा बायकी होईल. मी स्वतः दूध, दही, चहा सगळं सोडलंय. माझ्याच अंगात काही दोष असेल का? काय करू?»

ताई,

आधी सरळ उत्तर देते, कारण तुमच्या घरात इतकी मतं आहेत की तुम्हाला ते पहिल्याच ओळीत मिळायला हवं. तुमचं बाळ सहा महिन्यांच्या पुढचं आहे, त्याचा त्रास लगेच उठणाऱ्या प्रकारातला दिसतो आणि श्वासावर गेलेला नाही. अशा बाळाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोयाचा डबा देता येतो. तो हलका किंवा नाइलाजाचा पर्याय समजून मन खाऊ नका. बकरीचं दूध नको, लॅक्टोज फ्री नको, आणि घरच्या सोयाबीनचं दूध तर मुळीच नको. अंगावरचं दूध चालू ठेवा. आणि तुमचा चहा तुम्ही आजपासून परत सुरू करा, त्याचं कारण पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बाळाचे ओठ किंवा जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, उलट्यांवर उलट्या झाल्या किंवा अंग ढिलं पडून चेहरा पांढराफटक झाला, तर अॅलर्जीचं सिरप पाजून वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठायचा. तिथे पोचताच ‘दुधाची अॅलर्जी आहे’ हे पहिलं वाक्य सांगायचं. अशा वेळी जीव वाचवतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सिरपने गांधी बसतात, घसा मोकळा होत नाही. दुसऱ्या खेपेला डोळा सुजला म्हणजे त्रास पहिल्यापेक्षा थोडा वाढला होता. म्हणून ‘बघू या का पुन्हा थोडं देऊन’ हा प्रयोग घरी तिसऱ्यांदा करू नका.

आता हे झालं कशामुळे? गाईच्या दुधात केसिन आणि व्हे ही दोन मुख्य प्रथिनं असतात. काही बाळांचं शरीर त्यांनाच शत्रू समजतं आणि अंगावर धावून जातं. तुमच्या बाळासारखा त्रास काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतो: गांधी, सूज, उलटी. दुसरा एक प्रकार सावकाश येतो. त्यात काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात, चिकट शेंबडासारखी शी होते, वजन अडतं. हे दोन प्रकार वेगळे ओळखणं सोयाच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. लगेच त्रास होणाऱ्या बाळांपैकी शंभरातल्या साधारण दहा ते चौदा बाळांना सोयाचीही अॅलर्जी निघते. म्हणजे बहुतेकांना सोया चालतं. सावकाश येणाऱ्या प्रकारात सोयाही न सोसणाऱ्या बाळांचं प्रमाण याहून जास्त असतं, म्हणून तिथे डॉक्टर सोयाला सहसा हात लावत नाहीत.

तुमच्याकडे दूध दोनदा पोटात गेलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात तोच त्रास झाला. निदानासाठी ही हकिगत फार मोलाची आहे. सोबतीला त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा दुधाच्या प्रथिनांविरुद्धच्या आयजी-ई ची (लगेच उठणाऱ्या अॅलर्जीमागचं रक्तातलं प्रतिपिंड) रक्ततपासणी डॉक्टर सांगतील, ती करा. पण एका थेंबात शंभर-दोनशे पदार्थ तपासून देतो म्हणणारं ‘आयजी-जी’चं पॅकेज कुणी सुचवलं तर पैसे घालवू नका. आयजी-जी हे वेगळं प्रतिपिंड, एखादा पदार्थ खाल्ला की ते तयार होणारच, त्यावरून अॅलर्जी कळत नाही. असे कागद हातात घेऊन आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. पोराचं गहू, तूर, अंडं, केळं सगळं बंद केलेलं असतं आणि पोरगं हाडकलेलं असतं.

डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला महागडा डबा बहुधा ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ प्रकारचा असावा. त्यात गाईच्या दुधाचीच प्रथिनं असतात, पण त्यांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ती ओळखू येत नाहीत. पहिली पसंती जगभर त्यालाच आहे, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी. तुमच्या डॉक्टरांनी तो आधी लिहिला यात चूक काही नाही. चव कडवट, वास उग्र, आणि किंमत साध्या डब्याच्या कित्येक पट. नावात साम्य असलेला ‘पार्शियली हायड्रोलाइज्ड’ डबाही बाजारात असतो. त्यातले तुकडे मोठे असतात, अॅलर्जी असलेल्या बाळाला तो द्यायचा नाही. ज्यांना दुधाच्या एका घोटाने श्वास अडतो किंवा ज्यांची वाढच थांबली आहे त्यांच्यासाठी अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनांच्या सगळ्यात लहान घटकांचा, आणखी महाग डबा असतो. तुमच्या बाळाला आज त्याची गरज दिसत नाही.

मेडिकलवाल्याच्या सल्ल्याबद्दल. त्याचा हेतू वाईट नसेल, पण हा सल्ला बाळाच्या जिवावर बेतू शकतो. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचणं वेगळं आणि प्रथिनांची अॅलर्जी वेगळी. जोराचे जुलाब झाल्यावर काही दिवस बाळांना लॅक्टोज पचत नाही, तेवढ्यापुरता तो डबा असतो. त्यातून साखर काढलेली असते, प्रथिनं गाईच्याच दुधाची असतात. ज्यामुळे डोळा सुजला तेच पुन्हा पोटात जाईल. डबा विकत घेण्याआधी दुकानातच उलटा करा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिन’, ‘केसिनेट’, ‘स्किम्ड मिल्क’ यांतला एकही शब्द दिसला की डबा परत ठेवा. तुम्हाला ‘सोय प्रोटीन आयसोलेट’ हे शब्द हवेत. घटकांच्या यादीखाली अॅलर्जीची सूचना असते, तिथे ‘कंटेन्स सोय’ असेल आणि ‘मिल्क’ नसेल, हेही बघा. पुढच्या बाजूचं चित्र आणि मोठी अक्षरं पाहून घेऊ नका. आणि दर वेळी वाचा, कारण कंपन्या घटक बदलतात.

बकरीच्या दुधावर थोडं जास्त लिहिते, कारण शहादा-तळोद्यापासून पार चोपडा-रावेरपर्यंत हा सल्ला घराघरात मिळतो. गाई, म्हशी आणि बकरीच्या दुधातली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊ बाळांना बकरीचं दूधही बाधतं. शिवाय त्यात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व, फार कमी असतं. त्यावरच वाढलेल्या बाळाला रक्त कमी पडतं. ‘देशी गाईचं ए-टू दूध चालतं’ असंही कुणी सांगेल. त्यातही केसिन आणि व्हे दोन्ही आहेत. सासूबाईंना हे सांगताना त्यांचा अनुभव खोटा ठरवू नका. त्यांनी बकरीच्या दुधावर लेकरं वाढवली असतील, आणि ती वाढलीही असतील, कारण त्या लेकरांना ही अॅलर्जी नव्हती. एवढं एक वाक्य मी दवाखान्यात अनेक आज्यांना सांगते आणि त्या ऐकतात. आजीला नातवाचा जीव आपल्याइतकाच प्यारा असतो, तिला फक्त कारण सांगावं लागतं.

आता तुमच्या यजमानांचा मिक्सर. माझा सगळा जोर इथे आहे.

सोयाबीन पौष्टिक आहे, स्वतःच्या शेतातलं आहे, फवारणी किती झाली ते माहीत आहे, मग डब्याला पैसे का घालायचे, हा विचार शेतकऱ्याच्या घरात येणारच. पण डब्यातली सोया पावडर आणि सोयाबीन वाटून गाळलेलं पांढरं पाणी यांत नावापलीकडे साम्य फार थोडं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवणारा एक घटक असतो, तो नीट उकळल्याशिवाय जात नाही. तो गेला तरी फायटेट उरतं आणि ते लोह, झिंक, कॅल्शियम धरून ठेवतं. सोयाच्या प्रथिनात मेथिओनिन हे अमिनो आम्ल बाळाच्या गरजेपेक्षा कमी असतं. घरच्या दुधात कॅल्शियम नगण्य, स्निग्धांश कमी, आणि ड, ब-१२, अ ही जीवनसत्त्वं जवळपास नाहीतच. बाळाचं पोट भरेल, ते शांत झोपेलही, आणि दोन-तीन महिन्यांत पाय सुजलेलं, केस पिंगट झालेलं लेकरू घेऊन तुम्ही दवाखान्यात याल. दुकानात मिळणाऱ्या खोक्यातल्या सोया ड्रिंकचंही असंच आहे. ते मोठ्यांच्या चहा-कॉफीसाठी आहे, वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य दूध म्हणून नाही.

डब्यामागचा इतिहास पाहिला की हे जास्त पटतं. तान्ह्या बाळांना सोया देण्याची नोंद अमेरिकेत १९०९ पासून सापडते, आणि दूध न सोसणाऱ्या बाळांसाठी सोयाचं अन्न १९२९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं. तेव्हा ते सोयाच्या पिठाचं होतं. बाळांना जुलाब व्हायचे, शीला घाण वास यायचा, आणि काहींना गलगंड झाला. मग पावडरीत आयोडीन घालायला लागले. साधारण १९६० च्या दशकात पीठ सोडून शुद्ध केलेलं सोया प्रथिन वापरात आलं, पुढे मेथिओनिनची भर पडली, लोह आणि झिंक वाढवलं. १९७८-७९ मध्ये अमेरिकेत एका सोया पावडरीत क्लोराइड कमी पडलं आणि बाळं आजारी पडली. त्यानंतर १९८० मध्ये तिथे बाळांच्या पावडरीसाठी स्वतंत्र कायदा झाला. २००३ मध्ये इस्रायलमध्ये एका सोया पावडरीत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, राहून गेलं. तिथे काही तान्ही बाळं दगावली, काही कायमची अधू झाली. एवढ्या मोठ्या कारखान्यात, तज्ज्ञांच्या हाताखाली एक जीवनसत्त्व चुकलं तर हे होतं. आपल्या मिक्सरमध्ये तर आयोडीन, क्लोराइड, थायमिन यांतलं काहीच मोजलं जात नाही. यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. घरचं सोयाबीन बाजारात न्या आणि त्या पैशातून डबा आणा.

जाऊबाईंच्या भीतीला थोडासा आधार आहे, म्हणून ती झटकून टाकत नाही. सोयात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात. ती स्त्रियांच्या संप्रेरकासारखी, पण फार मंद वागतात. सोयाच्या डब्यावरच्या बाळांच्या रक्तात ती इतर बाळांपेक्षा बरीच जास्त सापडतात, म्हणूनच शास्त्रज्ञांनी हा प्रश्न मनावर घेतला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये सगळे अभ्यास तपासले, आणि बाळाची वाढ, प्रजनन किंवा संप्रेरकं यांवर वाईट परिणाम होतो याचा ठोस पुरावा मिळत नाही, असं मत दिलं. त्या डब्यावर वाढलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. तुमचा मुलगा बायकी होणार नाही. तरीही गरज नसताना सोया देऊ नये, हे माझं मत आहे. तुमच्याकडे गरज आहे.

युरोपातल्या बाल-पोटविकार तज्ज्ञांची संस्था सहा महिन्यांच्या आत सोया देऊ नये म्हणते. अमेरिकेचा सल्ला तितका कडक नाही. मी स्वतः सहा महिन्यांची मर्यादा पाळते, आणि तुमच्या बाळाने ती ओलांडली आहे. दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना आठवणीने सांगा. बाळ वेळेआधी जन्मलेलं आणि जन्मवजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर सोया टाळतात, कारण हाडं कमकुवत राहतात. आणि बाळाला जन्मापासून थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयामुळे ती नीट लागू पडत नाही, डोस पुन्हा ठरवावा लागतो. पत्रात दोन्हींचा उल्लेख नाही, पण विचारल्याशिवाय अशा गोष्टी बोलण्यात येत नाहीत.

पहिला चमचा घरी द्यायचा नाही. शहाद्याला किंवा नंदुरबारला डॉक्टरांच्या दवाखान्यातच द्या, सकाळच्या वेळी, बाळाला सर्दी-ताप नसताना. आधी ओठाला थोडंसं, मग एक चमचा, मग थोडं थांबून वाढवत जायचं. निदान दोन तास तिथेच बसा. त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ देऊ नका, नाहीतर गांधी उठल्या तर कशाने उठल्या ते कळणार नाही.

आता खर्चाचं. तुम्ही हिशेब केलेला दिसत नाही, म्हणून मी करते. सात महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला बाहेरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. बाकीचं तुमच्या दुधातून मिळतं. तुम्ही शाळेत जाण्याआधी पाजता, आल्यावर पाजता, रात्री पाजता. म्हणजे डब्याची गरज मधल्या चार-सहा तासांपुरतीच, दिवसाला एक-दोन वाट्या. त्यातही शाळेत मधल्या सुट्टीत आडोसा मिळाला तर दूध काढून ठेवता येईल, आणि सकाळी लवकर उठून एक वाटी काढून फ्रिजमध्ये ठेवता येईल. चैत्र-वैशाखात खान्देशात पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा काढलेलं दूध बाहेर ठेवायचं नाही. डबा पुरवून पुरवून वापरण्यासाठी पावडर कमी आणि पाणी जास्त, असं मात्र कधीही करू नका. परवडत नाही तिथे आईचा हात इथेच आखडतो आणि बाळाचं वजन थांबतं.

पाणी आमच्याकडचा जुना प्रश्न. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, टाकीत आणि रांजणात साठतं. ते खळखळ उकळा, थोडं निवू द्या, पण पावडर घालताना पाणी सत्तर अंशांच्या खाली जाता कामा नये. पावडर निर्जंतुक नसते, गरम पाण्याने तिच्यातले जंतू मरतात. आधी वाटीत मोजून पाणी, मग डब्यातल्या मापाने पावडर. चमचा भरल्यावर वर सुरीच्या पाठीने सपाट करा, शिगोशीग भरू नका, दाबूही नका. मग हातावर थेंब टाकून कोमट झालं की भरवा. उरलं तर ओतून द्या, दोन तासांपुढे ठेवू नका. वाटी-चमचा तुम्ही आधीपासून वापरता आहात, तोच ठेवा. बाटली धुऊन ठेवणं सोपं नसतं, आणि सोयाच्या डब्यात लॅक्टोजऐवजी दुसरी साखर असते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाचे दात किडतात.

खाण्याला घाबरू नका. पत्रात रव्याशिवाय दुसऱ्या पदार्थाचं नाव नाही, त्यावरून वाटतं की भीतीपोटी वरचं खाणं जवळपास थांबलंय. त्याला फक्त दूध बाधतं, जग बाधत नाही. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी शेंगदाणा तेलाच्या धारेने, नाचणीची पाण्यात शिजवलेली पेज, ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून, पिकलेलं केळं, भाजलेल्या वांग्याचा बिनतिखटाचा गर, नीट शिजवलेलं अंडं. शेंगदाण्याचं बारीक कूट पेजेत पातळ करून चालतं, सबंध दाणा नको. एका वेळी एक नवा पदार्थ, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. दूध लपून बसतं ते ब्रेड, बिस्किटं, केक, पेढे आणि तयार बाळअन्नात. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटातही दुधाची पावडर असू शकते, घटक वाचूनच द्या. तुपात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून सध्या खिचडीवर तूप नको. आणि उष्टावण, बारसं, कानबाईचा उत्सव, जिथे जाल तिथे सावध असा. माया करणारी एखादी मावशी बासुंदीत बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावते, आणि आपण पाहुण्यांत असतो. घरातल्या एका माणसाने त्या दिवशी फक्त बाळाकडे बघायचं, हे आधीच ठरवून जा.

आता तुमचा चहा. सहा महिने तुम्ही दूध, दही, चहा सगळं घेत होतात आणि बाळ अंगावर पीत होतं. त्याला गांधी उठल्या नाहीत, शी चांगली होती. तुमच्या दुधातून जो अंश जातो तो त्याला चालतो, हे त्यानेच दाखवून दिलंय. अशा आईने दूध सोडायची गरज नसते. अंगावर पिऊनच बाळाला त्रास होतो तेव्हाच आईला दोन ते चार आठवडे दूध बंद करायला सांगतात, आणि मग पुन्हा सुरू करून बघतात. तुम्ही उगाच उपाशी राहिलात तर हाडं तुमची झिजतील आणि अंगावरचं दूधही टिकणार नाही. दही-भाकरी खा, सकाळचा चहा घ्या, फक्त बाळाचा मुका घ्यायच्या आधी तोंड-हात पुसा. अंगात दोष असल्याचं जे विचारलंत, त्याचं उत्तर: नाही. गरोदरपणात दूध प्यायल्याने किंवा न प्यायल्याने ही अॅलर्जी होत नाही. कुणी टोमणा मारला तर हे पत्र पुढे करा.

डबा कुठल्या कंपनीचा, हे मी लिहिणार नाही. बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात होऊ नये म्हणून आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि तो फार चांगला कायदा आहे. तुमचे डॉक्टर चिठ्ठीवर नाव लिहून देतील. चिठ्ठी दाखवूनच घ्या आणि मेडिकलवाल्याने ‘हाच नाही, पण तसाच’ म्हणून दुसरा दिला तर घेऊ नका.

ही अॅलर्जी बहुतेक मुलांची वयाबरोबर निघून जाते. काहींची पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, लगेच त्रास होणाऱ्या प्रकारात अनेकदा थोडी उशिरा, शाळेत जायच्या वयापर्यंत. म्हणून सोयाचा डबा कायमचा नाही. बाळ वर्षाचं झालं की डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासणी करून घ्या. दूध सोसतंय का हे बघण्यासाठी ते थोडंथोडं देऊन पाहतात, आणि हे इंजेक्शन-ऑक्सिजनची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं. तुमच्या डॉक्टरांकडे ती सोय नसेल तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा. बिस्किटात भाजलेलं दूध देऊन पायरी-पायरीने वाढवण्याची पद्धत सावकाश येणाऱ्या, सौम्य त्रासासाठी असते. तुमच्या बाळावर ती घरी करून बघू नका.

लसी सगळ्या वेळेवर द्या, गोवर-रुबेलाचीसुद्धा. दुधाच्या अॅलर्जीमुळे ती थांबवत नाहीत.

येत्या आठवड्यात एवढं करा. डॉक्टरांची वेळ घ्या, जन्मवजन लिहिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, बाळाला दुधानंतर उठलेल्या गांधींचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर दाखवा, आणि एक चमचा सोया तिथेच देऊन बघायची विनंती करा. ॲड्रेनॅलिन तुमच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उपलब्ध असतं का, हेही त्यांना विचारून ठेवा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून त्याच कार्डाच्या आलेखावर टिंब मांडून घ्या. टिंबांची रेघ वर चालली असेल तर सोया पचतंय आणि पुरतंय. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा आणि मलाही कळवा.